‘येईन’ म्हणजे कोण

माझा पोरगा पुण्याला असतो. गेलं वर्षभर दर रविवारी त्याचा फोन यायचा आन् तो एकच गोष्ट विचारायचा, "आबा, इकडं राह्यला कधी येता?" मी म्हणायचो, "येईन." तो म्हणायचा, "बरं." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याची माय जिती असती तर तिनं त्याला पहिल्याच रविवारी सांगितलं असतं, की बाबा, ह्या माणसाचा 'येईन' म्हणजे 'न्हाई'. तू उगी वाट बघू नको.

ती गेली त्याला गेल्या महिन्यात वर्ष झालं. मी चौथी शिकलेला माणूस. उभा जन्म हसनाबादहून भोकरदनला, कधी जालन्याला, काळी-पिवळी जीप चालवली. लिहिण्याशी माझा संबंध गाडीच्या मागं 'हॉर्न वाजवा' लिहून घेण्यापुरता. पण तिच्यातली एक गोष्ट मी दुसऱ्या कोणात पाहिली न्हाई, म्हणून लिहितो. माणूस पुढच्या गोष्टीबद्दल बोलला की त्याच्यात खरं किती आन् वारा किती, हे ती एका शब्दावरून सांगायची. मागच्या गोष्टीत कोणी खोटं बोललं तर साक्षीदार शोधता येतो. उद्याच्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार? तिला तो लागतच नव्हता. ती दुसरी नापास होती.

मला हे पहिल्यांदा कळलं ते लग्नानंतर दोन-तीन सालांनी. तिला माहेरी जायचं होतं, घनसावंगीकडं. जालन्यापर्यंत मी माझ्याच जीपमधी तिला पुढं बसवलं. मागं सात-आठ जण उन्हात शिजून राह्यले होते. एकानं विचारलं, "गाडी कवा निघणार?" मी खाली उभा राहून बिडी ओढत म्हणलो, "निघालीच." दहा मिनिटांनी दुसऱ्यानं विचारलं. मी म्हणलो, "निघालीच की. बसा." मंग ही पदर सावरून मागं वळली आन् त्या लोकांना म्हणली, "चहा पिऊन या तुम्ही. 'निघालीच' म्हणजे अजून चार शिटा कमी हाईत. हे जवा 'चला निघू' म्हणतीन, तवा पळत या."

सगळी गाडी उतरून हॉटेलात गेली. माझ्या डोक्याची शीर तडकली. राजूर येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो न्हाई.

"मी काय खोटं बोलले?" ती म्हणली.

"न्हाई."

"मंग तोंड कशानं फुगलं?"

मी नुसता हॉर्न वाजवला. तवापासून आमच्या रूटवरच्या माणसांनी मला धरलं. गाडीजवळ आले की हसून विचारायचे, "काय, निघालीच का निघू?" दुसऱ्या ड्रायव्हरांना असं कोणी विचारत नव्हतं. माझ्या एकट्याच्याच घरात अशी बाई होती.

तिचं म्हणणं असं होतं, की ज्या कामाला अजून हात लागला न्हाई आन् माणूस ते झाल्यासारखं सांगतो, ते काम सगळ्यात लांब हाय असं समजावं. 'आलोच', 'केलंच', 'झालंच'. त्याच्यापेक्षा 'बघू' बरा, तो निदान चोर हाय हे दिसतं. 'करू' म्हणलं तर आधी विचारावं कोण कोण करू, कारण 'करू' म्हणणारा बहुतेक सोताला सोडून बाकीच्यांना धरतो. 'काम होऊन जाईन' कोणी म्हणलं तर ती हसायची. म्हणायची, "तो 'जाईन'च म्हणून राह्यला, होतंय कशाला?"

आमच्या शेजारणीची सैपाकघराची भिंत पावसात बसली. गवंड्याला सांगून आली आन् आमच्या ओट्यावर टेकली.

"काय म्हणला गं गवंडी?" हिनं विचारलं.

"म्हणला, उद्या सकाळी आलोच समजा, काकू."

"समजा म्हणला?"

"हो की."

"मंग समजून घे आन् चूल भायेर मांड."

शेजारणीनं तिला चार गोष्टी सुनावल्या, की तुझ्या तोंडानं अभद्रच निघतं. आठ दिवस तिची चूल भायेरच होती. नवव्या दिवशी ती पुन्हा गवंड्याकडं गेली, तवा ही म्हणली, "त्याला विचारू नको कधी येतो म्हणून. विचार, घमेलं आधी आणून ठिवतो का. जो घमेलं आणून ठिवतो त्याला काही बोलायची गरज पडत न्हाई." भिंत झाली. पुढं गल्लीतल्या बाया तिच्याकडं लोकांचे शब्द घेऊन यायला लागल्या. पोरगी बघायला आलेले पाहुणे जाताना काय म्हणले, तलाठी काय म्हणला, नणदेच्या दिरानं काय निरोप धाडला. बाया आपल्या अंदाजानं सांगायला गेल्या की ही थांबवायची. "तसं न्हाई. त्याच्या तोंडचं सांग. 'कळवतो' म्हणला का 'कळवू'? 'कळवतो' असंल तर दोन दिवस थांबा. 'कळवू' असंल तर दुसरं पोरगं बघा." मी ओट्यावर बसून ऐकायचो. आधी आधी वाटायचं, बायांचा टाइमपास हाय. पण दहात नऊ टाइम तिचं बराबर निघायचं, आन् दहाव्या टायमाला तिला शब्दच चुकीचा सांगितलेला असायचा.

'णार' हा शब्द ती फार जपून वापरायची. 'पाऊस पडन' म्हणली तर कुरडया अंगणातच राहायच्या. 'पाऊस पडणार' म्हणली की आम्ही सगळे उठून खाटा आत घ्यायचो, आकाश कोरडं असलं तरी. सोताबद्दल तर 'णार' म्हणतच नव्हती. बहिणीच्या पोराचं लग्न असंल, हातात पिशवी भरून तयार असंल, तरी कोणी विचारलं तर "जाईन" म्हणायची. मी एकदा म्हणलो, पिशवी भरली, लुगडं नेसलं, आता तरी 'जाणार' म्हण की. ती म्हणली, "पाय उचलणं माझ्या हातात हाय. पोचणं हाय का? मंग कसं म्हणू?"

माझ्याबद्दल मात्र ती एकदा 'णार' म्हणली. मला बिडीचा नाद होता. दिवसाला दोन बंडल. पोरगा तवा दोन वर्षांचा होता, माझ्या मांडीवर बसून खोकायचा. एक दिवस ती भाकर थापता थापता म्हणली, "तुम्ही बिडी सोडणार."

मी म्हणलो, "सोडीन सोडीन."

"मी विचारलं न्हाई. सांगितलं."

पुढं एक शब्द न्हाई. भांडण न्हाई, रुसणं न्हाई, बंडल लपवणं न्हाई. तिला जसं पावसाचं माहीत असायचं तसं हे माहीत होतं. दोन महिन्यांत बिडी सुटली. सोडली म्हणायला मला आजबी लाज वाटती. ती म्हणली म्हणून सुटली.

पोरग्यानं लग्न पुण्यात जमवलं. पोरगी कोल्हापूरकडची, शाळेत शिकवती. आमच्याकडं पहिल्यांदा आली तवाची गोष्ट. ती न्हाणीतून निघाली आन् सैपाकघराच्या दारात उभी राहून म्हणली, "आई, मी आलो." हिनं तिच्या मागं डोकावून बघितलं. म्हणली, "कोण आलं गं तुझ्यासंगं?" मंग कळलं, की त्यांच्याकडं बायाबी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. ही दिवसभर हसली. मला म्हणली, "बरं हाय की तिकडं. बाई-बाप्या एकाच मापात."

सासू-सुनेचं जमलं ते ह्याच गोष्टीवरून. सुनेला हिच्या शब्द ओळखण्याचं लई कवतिक. पुण्याहून फोन करायची.

"आई, मोठ्या बाई म्हणाल्या, तुमच्या बढतीचा विचार करू. होईल का?"

"विचार करू म्हणली का करते म्हणली?"

"करू."

"न्हाई व्हणार. तू दुसऱ्या शाळेत अर्ज टाक."

सून खरंच टाकायची. इकडं माझ्यासमोर ही मला 'अहो' म्हणायची, पण सुनेशी फोनवर माझी चौकशी चालली की 'आमचं म्हातारं' म्हणायची. म्हातारं जेवलं, म्हातारं झोपलं, म्हातारं तोंड वाकडं करून बसलंय. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

गेल्या साली आखाडात तिच्या पोटात पाणी धरायला लागलं. जालन्याला दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर तरणा पोरगा होता. सगळे कागद बघून झाल्यावर मी विचारलं, "साहेब, होईन ना बरी?"

"होतील की. काळजी करू नका," तो म्हणला.

ही खुर्चीत पुढं सरकली. "साहेब, 'होतील' का 'होणार'?"

तो हसला. "मावशी, एकच आहे ना ते."

"एक कसं असंल? एक असतं तर माणसानं दोन शब्द कशाला केले असते?"

त्या पोरानं पेन खाली ठेवला. तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मंग हळू आवाजात म्हणला, "होतील असं म्हणू आपण, मावशी."

"म्हणू," ती म्हणली. उठली आन् त्याला हात जोडले. मी जन्मभर लई सायबलोक पाहिले, पण त्या पोरासारखा सरळ माणूस कमी पाहिला. खोटा 'णार' देऊन तो सुटू शकला असता.

भायेर रिक्षाजवळ ती म्हणली, "चांगला हाय. खोटं बोलता येत न्हाई त्याला." मी म्हणलो, "तू बरी होणार." माझ्या तोंडून 'णार' कधी निघत नव्हता, त्या दिवशी निघाला. ती माझ्याकडं बघून म्हणली, "जीपच्या आवाजात बोलू नका माझ्याशी."

पोराला काय सांगायचं ते तिनंच ठरवलं. उपचार चालू हाय, एवढंच. सुनेला तर तेवढंबी अर्धं. गणपती उठून थोडे दिवस झाले न झाले, पित्रपाटात ती गेली. दुपारची वेळ होती. मी तिला पेज पाजून राह्यलो होतो. ह्याच्यापुढं मला ते लिहिता येत न्हाई.

पोरगा-सून आले. तेरा दिवस सून राबली, पण माझ्याकडं एकदाबी डोळे वर करून बघितलं न्हाई. मी म्हणलो, शहरातली पोरगी, कंटाळली असंल. पुढं वर्षभर तिनं लाडू धाडले, स्वेटर धाडला, गुडघ्याला लावायचं तेल धाडलं, पण फोनवर कधी आली न्हाई. पोरगाच बोलायचा. "आबा, कधी येता?" "येईन." मी मनात म्हणायचो, जिला मी डोळ्यासमोर नको तिच्या घरी जाऊन काय करू. आन् खरं सांगायचं तर दुसरंबी होतं. गावच्या घरी तिनं लावलेल्या फळीवर तिनं ठेवलेले डबे होते. तिखटाचा कोणता, मिठाचा कोणता, मला न बघता सापडायचं. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर मी म्हणजे कोणीतरी ठेवून गेलेलं गाठोडं. मला जायचं नव्हतं. मरेपर्यंत 'येईन' म्हणत ढकलायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

वर्षश्राद्धाला दोघं चार दिवस आधीच आले. पोरगा सामान आणायला भोकरदनला गेल्ता. सून ओसरीवर गहू निवडून राह्यली होती, मी खाटेवर पडलो होतो. ती सुपाकडं बघतच म्हणली, "आबा, एक सांगायचं होतं. वर्ष झालं, कुणाला बोललो नाही मी."

"बोल."

"आई माझ्यामुळं गेल्या."

मी उठून बसलो. "येडी का काय तू? पोटात पाणी झाल्तं तिच्या. तू काय केलं?"

मंग तिनं सांगितलं. गणपतीत हिनं तिला फोन केल्ता आन् विचारलं होतं, "बाई, पुण्याला यायचं ठरलं तर तुमच्याकडं जागा व्हईन का?" सुनेला वाटलं, सासूला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असंल. शाळेत सहामाही परीक्षा तोंडावर आलेली, पेपर काढायचे, तपासायचे. ती म्हणली, होईल की आई, पण दिवाळीनंतर बघू का?

"बघू म्हणालो मी, आबा. दुसऱ्या कुणाला नाही, त्यांना. त्यांनीच शिकवलं होतं मला त्या शब्दाचं." तिच्या डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं, पण हात गहू निवडतच होते. "त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मोबाइलवर बोलून पाठवलं. दिवाळीनंतर येईन म्हणून. आणि मंग पंधरा दिवसांत... मी तेव्हाच या म्हणालो असतो तर मोठा डॉक्टर मिळाला असता. ह्यांनाबी ऐकवलं नाही मी ते. तुमच्याकडं बघायचं तोंड नव्हतं."

"ऐकव," मी म्हणलो.

तिनं फोन माझ्या खाटेवर ठेवला आन् बोट दाबलं. वर्षानं मी तो आवाज ऐकला. थोडा दम लागलेला, पण तिचाच, हुकूम दिल्यासारखा.

"हां, बाई. परीक्षा होऊ दे तुझी निवांत. दिवाळी झाल्यावर येईन. घाई न्हाई काही. आल्यावर चार दिस गप गप ऱ्हाईन, मनावर घेऊ नको. एकटं जेवाया बसवलं तर दोन घास खाऊन उठन, म्हणून संगं बसत जा. रातच्याला उठावं लागतं, मोरीजवळची जागा दे. तोंडानं काही मागणार न्हाई, तूच विचारत जा. सवय व्हईन हळूहळू."

सून म्हणली, "त्यांना जेवण जात नव्हतं, आणि मला हे सांगत होत्या, संगं बसत जा. आणि मी..."

मी खाटेवरून उठलो. चप्पल घातली आन् भायेर पडलो.

आमच्याकडं कसं बोलतात ते सुनेला माहीत नव्हतं. तिच्याकडं 'येईन' म्हणजे 'मी येईन', दुसरं काही न्हाई. आमच्याकडं मी 'येईन', तू 'येशीन', आन् तोबी 'येईन'च, तीबी 'येईन'च; 'येईल' कोणी म्हणत न्हाई. पाऊस येईन, पाव्हणा येईन, बस येईन. 'म्हातारं येईन.' ते सगळं बोलणं माझ्याबद्दल होतं. गप गप राहणारा मी. ही कधी गप बसली होती? एकटं वाढलं की दोन घास खाऊन उठणारा मी. रातच्याला चारदा उठणारा मी, मागता न येणारा मी. डॉक्टरनं पेन खाली ठेवला त्या दिवसापासून ही सोताचं कुठंच काही ठरवून राह्यली नव्हती. माझी सोय लावत होती. जन्मभर लोकांच्या शब्दातला शब्द वेगळा काढणारी बाई, आन् एवढं मोठं बोलणं बोलताना एक 'म्हातारं' म्हणायचं विसरली. आमच्या घरातल्या बोलण्यात ते कधी म्हणावं लागत नव्हतं, कोणाबद्दल चाललंय ते कळायचंच.

स्टँडवर लिंबाखाली जाऊन बसलो. नवे ड्रायव्हर गाडीला टेकून उभे होते. एकानं विचारलं, "काय काका, कुठं निघाले?" मी म्हणलो, "कुठं न्हाई." खरं तेच होतं. मला कुठं निघायचं नव्हतं, आन् तिथंच माझी मान अडकली होती. सुनेला खरं सांगितलं तर तिचं ओझं उतरतं, पण मंग 'येईन' कोणाचा हे बी सांगावं लागतं. एकदा तो माझा हाय म्हणून कबूल केला, की मला घरात बसता येत न्हाई. न्हाई सांगितलं तर माझे डबे माझ्या फळीवर राहतात, आन् ती पोरगी जन्मभर समजून चालती की आपण सासूला दिवाळीवर ढकललं. गप राहणं मला येतंच. तिथं बसून मी गप राहण्याचा पक्का विचार केला, हे लपवत न्हाई. तासभर केला.

मंग एक गोष्ट टोचायला लागली. तिनं 'येणार' म्हणलं नव्हतं. 'दिवाळी झाल्यावर येणार' असं ती म्हणली असती तर मी सुटलोच नसतो, बिडीसारखा ओढत गेलो असतो. पण ती 'येईन' म्हणली. बिडीच्या टायमाला ती मागं उभी राहणार होती. ह्या टायमाला राहणार नव्हती, हे तिला डॉक्टरपेक्षा आधी माहीत होतं. म्हणून पाय उचलायचं माझ्यावर सोडलं. एवढ्या दुखण्यातबी तिनं माझ्या नावावर खोटा शब्द दिला न्हाई. मी किती बायांचे किती बोल ऐकले असतील तिच्याजवळ बसून, पण असा तोलून टाकलेला शब्द ऐकला न्हाई.

दिवे लागायच्या टायमाला घरी आलो. पोरगा परत आल्ता, पिशव्या सोडून राह्यला होता. सून चुलीपाशी होती.

"पोरी, फोन आण."

"नको आबा, पुन्हा कशाला."

"आण. तू बी ये रे हिकडं." पोरगा आला. मी सुनेला म्हणलो, "लाव."

पहिली दोन वाक्यं झाली न झाली तोच पोरगा म्हणला, "हे तर आबांचं चाललंय. माय आबांना धाडायचं म्हणून राह्यली." त्यानं बायकोकडं बघितलं. "हे तू कवाचं ठेवलंय? मला का ऐकवलं न्हाई?"

ती माझ्याकडं बघत राह्यली. वर्षात पहिल्यांदा.

"बाईमाणूस असून 'मी आलो' म्हणणारी तू," मी म्हणलो, "तुला कोणी सांगितलं, की आमच्याकडं 'येईन' एकट्या 'मी'चाच असतो? फोनवर तुला माझं सांगायची तवा काय म्हणायची?"

"...आमचं म्हातारं."

"मंग? म्हातारं येईन. म्हातारं गप गप ऱ्हाईन. तिला कुठं यायचं होतं? तिला यायचंच नव्हतं, बाई. ती तुला जागा मागत होती, ती माझ्यासाठी. तू 'दिवाळीनंतर' म्हणली ते तिला बरंच पडलं. तेवढे दिवस मी तिच्याजवळ राह्यलो."

सून खाली बसली. रडली बी आन् हसली बी. पोरगा म्हणला, "वर्षभर मी ह्यांना रविवारी रविवारी विचारतोय, आन् मायनं आधीच सांगून ठिवलेलं." मी म्हणलो, "तुझ्या मायच्या पुढं तू कधी गेलास?"

सुनेनं तोंड पुसलं आन् मास्तरीण झाली. फोन मागं घेऊन एक एक वाक्य लावायला लागली, पोराला धडा विचारावा तसं.

"'दोन घास खाऊन उठन'?"

"मी."

"'तोंडानं काही मागणार न्हाई'?"

"मीच."

"खरंच नाही मागत?"

"न्हाई."

"मंग दुपारपासून चहा नाही झाला तुमचा, बोलला का नाही?"

पोरगा हसायला लागला. तिनं उठून चहा ठेवला, माझ्यापुढं आणून दिला, आन् सोताचा कप घेऊन संगं बसली. मी म्हणलो, तिथी उरकली की सोमवारी निघू, दिवाळीपर्यंत तरी राहीन, मंग बघ कसं जमतं. पोरानं बसच्या टाइमाचं काहीतरी विचारलं. मी सांगितलं.

सुनेनं ते बोलणं अजून एकदा पहिल्यापासून लावलं. 'सवय व्हईन हळूहळू' झालं. मला वाटलं संपलं. दुपारी तेवढंच ऐकू आल्तं मला, पुढं माझे कान बंद झाले असतील. त्याच्यापुढं थोडा वेळ नुसता तिचा श्वास होता, आन् मंग ती म्हणली, "बरं. ठिवते."

"हे कोण?" सुनेनं विचारलं.

"ही ती," मी म्हणलो. एवढ्या लांब बोलण्यात तेवढंच तिचं सोताचं होतं.